आठव्या टप्प्यावर थांबायची जागा

कोहारु म्हणते, आजी, नागामिने आजोबांचं पहिल्यापासून सांग, मी टाईप करते. पहिल्यापासून म्हणजे मला छतापासून सुरू करावं लागेल.

तामात्सुकुरीत, न्हाणीघराच्या मागच्या गल्लीत आपलं दुकान. तेव्हाही इथंच होतं, आताही इथंच आहे. खाली मी, माझा लांब लोखंडी तवा, तव्याभोवती बसणारी माणसं, आणि कोबी घालून केलेली जाड धिरडी, ओकोनोमियाकी. वर लाकडी माडी. माडीवरच्यांची जमीन तेच माझं छत, मधे नुसत्या फळ्या. आधी तिथं एक म्हातारा छत्र्यांच्या मुठी साठवून ठेवायचा. मुठी काही आवाज करत नाहीत. मग जुने सम्राट गेले त्या वर्षी, चेरी झडून गेल्यावर, वर 'हिबारी' नावाची कंपनी आली आणि माझं छत बोलायला लागलं.

कंपनी टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम बनवायची. माणसं मूठभर. मालक कुराहाशी, गोल चेहऱ्याचे, थंडीतही हातपंख्यानं वारा घेणारे. इसोगाई म्हणून एक पोरगी, कंप्युटरच्या पोटातलं सगळं काम तिचं, अंगानं एवढीशी पण बोलणं तिखट. आणि नागामिने.

नागामिने तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. उंच, जरा वाकलेले. हिबारीत यायच्या आधी ते त्सुरुहाशीकडच्या एका पाचिन्कोच्या हॉलमध्ये खिळेवाले होते. पाचिन्कोच्या यंत्रात पितळेचे खिळे ठोकलेले असतात, वरून सोडलेली गोळी त्या खिळ्यांवर आपटत आपटत खाली येते, भोकात गेली तर जिंकलात. रोज हॉल उघडायच्या आधी छोटी हातोडी घेऊन ते खिळे केसभर इकडे, केसभर तिकडे वाकवायचे, हे त्यांचं काम. धिरडं खायला बसले तरी त्यांचा अंगठा आणि बोट हवेत काहीतरी वाकवत असायचं. कुराहाशी त्यांच्या हॉलमध्ये रोज जाऊन हरायचे. एक दिवस म्हणाले म्हणे, जो माणूस मला इतक्या गोडीनं हरवतो, माझ्या गेमचे टप्पे त्यानंच आखायचे. आणि घेऊनच आले त्यांना.

टप्पा म्हणजे तुम्ही पोरं लेव्हल म्हणता ते. नागामिने चौकटीच्या कागदावर आखायचे. या चौकटीत काटा, या चौकटीत खड्डा, ही मोकळी. इसोगाई ते कंप्युटरात घालायची, मग नागामिने खेळून बघायचे, मग पुन्हा कागद. हे सगळं मला ऐकून माहीत, कारण मला वर जायची बंदी होती.

ती बंदी का, ते सांगते. गेम बनवणारी माणसं तोच गेम रोज खेळतात. इतका खेळतात की तो सोपा आहे का अवघड, हे त्यांना कळेनासं होतं. मग एखाद्या अशा माणसाला बसवायचं, ज्यानं रिमोट कधी हातात धरलेला नाही. तो कुठं अडतो, कुठं पडतो, कुठं कंटाळून उठतो, हे मागं उभं राहून बघायचं. त्याला ते कोरा हात म्हणायचे. पण कोरा हात एकदाच कोरा. एकदा खेळला की काटा कुठं आहे ते त्या माणसाला ठाऊक झालं, हात बाटला, पुन्हा उपयोग नाही.

मग त्यांनी गल्ली वापरायला काढली. आधी मासेवाले मोरिवाकी. मग त्यांची बायको. मग न्हाणीघराच्या गल्ल्यावर बसणारी म्हातारी, जी गेममधलं जनावर उडी मारताना स्वतःही उशीवरून उठायची. मग सायकली दुरुस्त करणारा. पानं गळायला लागली तोवर आख्ख्या गल्लीत कोरा हात उरला नाही. कुणाकडे गावाहून पाहुणा आला की कुराहाशी त्याला दारातच नमस्कार करून माडीवर घेऊन जायचे. पोस्टमन बदलून नवीन आला, तर पत्रं वाटून व्हायच्या आत त्याला वर नेलं होतं. गल्लीतली माणसं माझ्याकडे येऊन बसायची आणि कोण कुठं पडलं यावर एकमेकांना चिडवायची. पण मी जवळ गेले की गप्प. कारण त्यांना ताकीद होती.

मला नागामिनेंनी राखून ठेवलं होतं. बरणीच्या तळाशी शेवटचं लोणचं ठेवतात ना, तसं. आमच्या ह्यांची आणि त्यांची हॉलमधली जुनी ओळख, म्हणून ते मला वहिनी म्हणायचे, बाकी सगळ्यांची मी मावशी. पहिल्याच दिवशी येऊन म्हणाले, "वहिनी, तुमचा हात मला अगदी शेवटी लागणार आहे. तोवर वर यायचं नाही, बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही."

आता हे सांगायचं तर दुसऱ्या कुणालाही सांगावं, मला नाही. शेजारच्या घरात नवीन डबा आला तर त्यात काय आहे हे कळेपर्यंत माझा मिठाचा अंदाज चुकतो. अशा बाईला छतावर वर्षभर काहीतरी चाललंय आणि विचारायचं नाही. मी जेवण जिन्याच्या पायरीवर ठेवायची, ते खाली येऊन घेऊन जायचे. आमचे हे मला म्हणायचे, छताकडे बघू नकोस, कोबीकडे बघ, बोट कापून घेशील.

बघायची बंदी होती. ऐकायची कुणी घातली नव्हती, आणि घालून उपयोगही नव्हता. दुपारची गर्दी सरली की छतावर सुरू व्हायचं. प्योक. प्योक, प्योक. म्हटलं हा बेडूक. विहिरीत पडलेला बेडूक असणार आणि तो वर यायला बघतोय. मधेच टिरिरी असा घसरता सूर यायचा, म्हणजे बेडूक पडला. त्यावर वरून पाय आपटल्याचा धप्प आवाज, म्हणजे नागामिने चिडले. पुन्हा पहिल्यापासून प्योक. मी खाली दोन हातांत दोन उलथणी घेऊन धिरडी उलटत असायची आणि कान वर. कधीकधी सगळं शांत झाल्यावर माझ्याच उलथण्यांचा आवाज वरून परत आल्यासारखा वाटायचा. म्हटलं जुनं लाकूड आहे, घुमत असेल.

थंडी पडता पडता वरची भांडणं खाली यायला लागली. पहिले सात टप्पे जमले होते, आठव्याच्या पुढचेही आखून झाले होते. गल्लीनं कुरकुर केली पण सात पार केले. आठवा कुणालाच पार होईना. सगळे एकाच जागी पडायचे, आणि कुणी दुसऱ्यांदा तिथं पोचलाच तर दुसऱ्यांदाही तिथंच. बाहेरचे कोरे हात संपत आले आणि टप्पा तसाच.

कुराहाशी तव्यासमोर बसून म्हणायचे, "नागामिने, पोरांसाठी गेम करताय की पोरांना शिक्षा?" नागामिने सॉस लावत म्हणायचे, त्या जागी फार काही नाही, नुसतं बघायचं आणि, एवढ्यात कुराहाशी हातपंखा त्यांच्या तोंडावर धरायचे, मावशीचा हात, मावशीचा हात. मग दोघंही माझ्याकडे बघून हसायचे आणि मी उलथणं जरा जास्तच जोरात आपटायची.

त्यातलं खरं इसोगाईनं ओळखलं होतं. ती मला म्हणाली, नागामिनेकाका रोज आल्या आल्या तो टप्पा खेळतात. कालचा त्यांना आज मिळमिळीत लागतो. मग एक काटा एक चौकट पुढं सरकवतात. दुसऱ्या दिवशी तोही मिळमिळीत. मी म्हटलं, असं होय. आमच्या सॉसवाल्याचं तेच झालं होतं. दिवसभर चाखून चाखून त्याची जीभ मेली आणि त्या मोसमाचा सॉस कुणाला तोंडात घालवेना. इसोगाई म्हणाली, मावशी, हे तुम्हीच सांगा त्यांना, माझं ऐकत नाहीत.

मी सांगितलं. दुपारची वेळ, दुकानात ते एकटेच होते. रागावले नाहीत. म्हणाले, बाकीचे सगळे टप्पे मालकांनी सांगितले तसे केले, हा एकच माझ्या डोक्यातला. याच्या शेवटी मी एक गोष्ट ठेवलीय. तिथं कुणीतरी पोचावं आणि आपल्या हातानं पोचावं, एवढंच मला हवंय. मी विचारलं, काय ठेवलंय. ते म्हणाले, पोचलात तर बघालच. मग मीच चिडले. म्हटलं, मग एवढं अवघड कशाला करून ठेवलंत, सोपं करा, सगळे पोचतील.

तेव्हा त्यांनी हॉल का सोडला ते सांगितलं. म्हणाले, खिळा असा वाकवायचा की गोळी जाईल असं वाटावं, आणि कधीकधी ती खरंच जावी. तो खेळ. एक दिवस तिथला मालक म्हणाला, या रांगेतली गोळी जाऊच देऊ नका, नुसतं जाईलसं दिसू दे. मी हातोडी ठेवून दिली. आता वहिनी, सगळ्यांनाच जाणारी गोळी केली तर तोही खेळ नाही, आणि कुणालाच न जाणारी केली तर मी त्या मालकासारखा. या दोन्हींच्या मधे कुठंतरी तो काटा आहे. मला तो सापडत नाहीये.

मग कारखान्याची तारीख आली. कॅसेटी ज्या कारखान्यात बनायच्या त्यांना महिनाअखेरीस गेम द्यायचाच होता. कुराहाशींनी ठरवून टाकलं. म्हणाले, आज मावशीला वर घेऊ. चहाच्या वेळेपर्यंत मावशी आठवा टप्पा पार करून गेली तर टप्पा राहील. नाही तर काढायचा, आणि मला नंतर तोंड पाडून दाखवायचं नाही. नागामिने हो म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी जेवण अर्धं टाकलं, हे मी ताट उचलताना बघितलं.

मी एप्रन सोडला, हात साबणानं धुतले, देवळात जावं तशी जिना चढले. वर्षभर ज्या खोलीचा विचार केला ती खोली काय, तर तारा, कागद, नूडल्सचे रिकामे कप, आणि एक टीव्ही. टीव्हीवर बेडूक नव्हता. पाणमांजर होतं. तपकिरी, छोटंसं, पोट पांढरं. मला जरा वाईटच वाटलं. इसोगाईनं रिमोट हातात दिला, हे डावं, हे उजवं, हे उडी. पहिल्या टप्प्यावर थोडं चालवलं, भिंतीवर दोन-चारदा आपटवलं, आणि तिनं थेट आठवा लावला.

आठव्यात नदीला पूर आलेला. पाणमांजर एका ओंडक्यावर उभं आणि ओंडका आपला वाहत चाललेला, थांबत नाही, मागं येत नाही. डावं उजवं काही करायचं नाही. फांद्या येतात, काटेरी झुडपं येतात, ती आली की उडी. बस. एवढ्यासाठी आख्खी गल्ली पाण्यात पडत होती.

मी पहिल्यांदा लगेच पडले, बोटाला सवय नव्हती. पुन्हा पडले. मोरिवाकी जिन्यातून मान वर काढून बघत होते, म्हणाले, मावशी, तव्यावरच बऱ्या. मग माझं बोट लागलं. प्योक. प्योक, प्योक. आणि मला काय झालं सांगू, मला बघायचीच गरज वाटेना. हात आपोआप चालला, जसा तव्यावर चालतो. तीन लागोपाठ, एक लांब, दोन लागोपाठ. मग ती जागा आली. तिथं समोरून काट्यांची मोठी फांदी अंगावर येते आणि डोळे म्हणतात, मार उडी. माझं बोट उचललेलं राहिलं. मी दाबलं नाही. ओंडका फांदीखालच्या एका गोल भोवऱ्यात गेला, खाली बसला, फांदी डोक्यावरून गेली, आणि मग मी दाबलं. प्योक.

मागं सगळे ओरडायला लागले. त्यानंतरचं सोपं होतं. पाणी संथ झालं, ओंडका काठाला लागला, काठावर एक छोटी टपरी, टपरीवर कागदाचा आकाशकंदील. बास, एवढंच मी बघितलं. कुराहाशींनी माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि माझे दोन्ही हात धरून नाचायला लागले. राहिला टप्पा, राहिला, मावशीनं पार केला, आता पोरं का नाही करणार. इसोगाईनं कोला उघडला. नागामिने एकटे टीव्हीजवळ उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. जिंकलेल्या माणसाचं तोंड तसं नसतं.

मी खाली आले, तवा तापवला. थोड्या वेळानं ते एकटे खाली आले आणि कोपऱ्यात बसले.

"वहिनी, त्या फांदीपाशी तुम्ही दाबलं का नाहीत?"

मी म्हटलं, "तिथं थांबायचंच असतं ना. तुम्ही पण थांबता."

"मी थांबतो हे तुम्हाला कसं माहीत?"

मी उलथण्यानं वर छताकडे दाखवलं. म्हटलं, दोन लागोपाठ झाले की तुमचा आवाज बंद होतो. मग एक येतो. रोज ऐकतेय की मी. तिथं आधी तुम्ही सारखे पडायचात, टिरिरी आणि धप्प. मग मधला गप्प वेळ सुरू झाला, तेव्हापासून पडायचे थांबलात.

ते छताकडे बघत बसले. मग हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. म्हणाले, वर्षभर तुमचे डोळे झाकून ठेवले आणि कान उघडे ठेवले. तुमचा हात कधी कोरा नव्हताच.

माझ्या तेव्हा लक्षात आलं ते पुढं काय करणार. म्हटलं, वर जाऊन सांगायची काही गरज नाही. मी कुणाला बोलणार नाही. मालक खूश आहेत, टप्पा राहिलाय, तुम्हाला हवं होतं ते झालं.

ते म्हणाले, "तुम्ही नाही बोलणार. पण ज्या पोराच्या घराला हे छत नाही, त्यानं काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुराहाशींना सांगितलं. काटा हलवायला आता वेळ नव्हता. एक चौकट हलवली तरी सगळं पुन्हा खेळून तपासावं लागतं, आणि कोरा हात तर उरलाच नव्हता. वर हातपंखा फेकल्याचा आवाज आला. मग इसोगाई डोळे पुसत खाली आली आणि तिनं तीन धिरडी खाल्ली.

मी तिला विचारलं, मग आता तो टप्पा फाडून टाकला का. ती म्हणाली, नाही हो मावशी, तसा काढता येत नाही. ओळीनं घरं आहेत असं समजा. मधलं एक घर उचललं तर पुढच्या सगळ्या घरांचे नंबर बदलतात आणि याची पत्रं त्याच्या घरी जायला लागतात. एवढ्या घाईत ते कोण करणार. आम्ही फक्त त्या घराला कुलूप लावलं. सातव्या घरातून बाहेर पडणाऱ्याला थेट नवव्यात पाठवतो. आठवं आहे तिथंच आहे, आतलं सामानसुमान सगळं तसंच.

हे मला फार आवडलं होतं. म्हणजे देशभर जितक्या कॅसेटी गेल्या, त्या प्रत्येकीत एक कुलूपबंद नदी होती.

गेम बरा चालला. फार नाही. पोरं म्हणायची अवघड आहे, पण खेळायची. गल्लीतली पोरं शाळेतून येताना माझ्याकडे बसून एकमेकांना सांगायची, तिथं दोनदा मार, तिथं मागून ये. आणि एक गोष्ट त्यांना कायम खुपायची. गेममध्ये एक नकाशा यायचा, त्यात सातव्यानंतर एक निळी नदी काढलेली होती, ती पुसायची राहून गेली. मावशी, ती नदी कुठं जाते, तिथं जाता कसं येत नाही? त्या पोरांत तुझा बापही होता, कोहारु. नागामिनेंनी मला सांगून ठेवलं होतं की कुलपाची गोष्ट पोरांना सांगू नका, किल्ली नसताना दार दाखवणं वाईट. मी म्हणायची, मला काय विचारता, मी धिरडी करते.

मग हिबारी बंद झाली. माडीवर दातांचा डॉक्टर आला, त्याच्या यंत्राच्या आवाजात मला काही गोडी वाटली नाही. इसोगाई तोक्योला गेली. नागामिने वाकायामाला, भावाच्या संत्र्यांच्या बागेत. दर हिवाळ्यात त्यांची संत्र्यांची पेटी येते, मी आभाराचा फोन करते, हवेवर बोलतो, आमच्या ह्यांच्या आठवणी काढतो. टप्प्याचं नाव दोघंही काढत नव्हतो. पण पेटी आली की दर वर्षी माझ्या मनात यायचंच, त्या टपरीवर काय होतं. टपरी आणि कंदील एवढंच दाखवायला कुणी वर्षभर काटे सरकवत नाही.

या हिवाळ्यात तू आलीस, फोन पुढं केलास आणि म्हणालीस, आजी, आपल्या माडीवर बनलेला तो पाणमांजराचा गेम, त्यातलं कुलूप परदेशातल्या कुणीतरी उघडलंय. कॅसेटीच्या पोटात शिरून बंद पडलेली घरं हुडकायची, हाच काही लोकांचा छंद आहे म्हणे. मला ते ऐकूनच त्या लोकांबद्दल माया वाटली. मी असते तर तेच केलं असतं. आता देशोदेशीची माणसं आठवा टप्पा खेळतायत आणि त्याच जागी पडतायत. तू मला वाचून दाखवलंस. एकजण म्हणतो, बनवणारा दुष्ट होता. दुसरा म्हणतो, टप्पा मोडका आहे, पार होतच नाही, म्हणून तर काढून टाकला. तिसरा म्हणतो, याला शेवटच नाही.

मी म्हटलं, शेवट आहे. मी बघितलाय.

तू म्हणालीस, मग दाखव.

माझी बोटं आता रिमोटवर चालत नाहीत, पण उलथण्यांवर चालतात. दुपारी दुकान बंद करून तू त्या बाकावर कंप्युटर घेऊन बसलीस आणि मी तव्यापाशी उभी राहिले, तुझ्याकडे पाठ करून. म्हटलं, समोर काय येतंय ते मला सांगू नकोस, मी वाजवेन तेव्हा उडी मार, नाही वाजवलं तर बोट उचलून धर. आणि मी कोरड्या तव्यावर उलथणं मारलं. तीन लागोपाठ, एक लांब, दोन लागोपाठ.

पहिल्या काही वेळा तू पडत होतीस, कारण त्या फांदीपाशी तुला राहवत नव्हतं. आजी, अंगावर येतंय गं. मी म्हटलं, येऊ दे. टिरिरी. पुन्हा. मला इतक्या वर्षांनी तो सूर ऐकून हसूच येत होतं. शेवटी एकदा मी हात वर धरला आणि तूही धरलास, आणि दुकानात अगदी गप्प झालं. मग मी एकदा मारलं. प्योक.

मी वळून बघितलं. संथ पाणी, काठ, टपरी, कंदील. तेच. तू म्हणालीस, आता काय करायचं? मी म्हटलं मला माहीत नाही, माझ्या हातून रिमोट इथंच काढून घेतला होता. तू उडीचं बटण दाबलंस. पाणमांजर ओंडक्यावरून उतरलं आणि टपरीपुढच्या बाकड्यावर जाऊन बसलं. तू पुन्हा दाबलंस.

कट, कट-कट. कट.

तू माझ्याकडे बघितलंस, मी वाजवलं का म्हणून. माझी उलथणी तव्यावर पडलेली होती. तू पुन्हा दाबलंस, पुन्हा तेच. आधी एक, मग दोन जवळ जवळ, मग शेवटचं जरा थांबून, कडेला सॉस सारताना मी मारते तसं. आपल्या गल्लीतला कुणीही सांगेल ते कुणाचं उलथणं आहे.

तेव्हा मला ते लाकडाचं घुमणं आठवलं.

संत्र्यांच्या आभाराचा फोन या वर्षी राहिलाच होता. लावला. त्यांना उचलायला वेळ लागला, एक्क्याऐंशी झाले आता. मी हवेबद्दल काही बोलले नाही. म्हटलं, माझ्या नातीनं तुमचा आठवा पार केला. त्यांनी विचारलं, कुणी न सांगता?

"सांगितलं मी. तव्यावर वाजवून. हात कोरा नव्हता."

ते हळूच म्हणाले, "पोरं एकमेकांना असंच सांगायची, नाही का वहिनी. शाळेतून येताना, तुमच्याच दुकानात बसून. एकाला सापडलं की दुसऱ्याला कळायचं. म्हणजे प्रत्येकाच्या घराला कुणाचं तरी छत होतंच." आणि मग, "हे मला तेव्हा सुचायला हवं होतं."

मी म्हटलं, बरं, आणि तो शेवटचा आवाज?

"तुमच्या फळ्या पातळ होत्या," ते म्हणाले. "मी वर बसून दुसरं काय ऐकणार?"

तर जे लोक म्हणतात की टप्पा मोडका होता म्हणून काढला, त्यांना कोहारु, तू हे पाठव. म्हणावं, मोडका नव्हता. फांदी आली की दाबू नका, थांबा. आणि पोचलात की एकमेकांना सांगा, त्याला आता नागामिनेंची हरकत नाही.

फोन ठेवायच्या आधी त्यांनी एकच विचारलं, ते पाणमांजर बाकड्यावर बसलं का. मी मागं बघितलं. तू कंप्युटर बंद केलेला नव्हतास. तिथं घड्याळ चालत नाही, काटा येत नाही, कुणी उठवत नाही. ते आपलं कंदिलाखाली बसलेलं होतं.

म्हटलं, बसलंय अजून.

बसू दे, म्हणाले.